मसुद्यात न बसलेले बैल

जुन्नर,
चैत्र, यात्रांचे दिवस

तीर्थरूप आईंच्या पायाशी साधनेचा नमस्कार.

(तीर्थरूप हा शब्द मी हुकूमनाम्यानंतरही वापरते आहे. सुनीलचं आणि माझं नवरा-बायकोचं नातं कोर्टाने संपवलं. तुमचं आणि माझं संपवल्याचं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. मसुदा मीच केला होता, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकते. तुमची काही हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की ती बाटली अजून फडताळात देवाच्या तेलाशेजारी उभी आहे? बांधावरचा आंबा मोहरला का? डिंगोऱ्याला नळाचं पाणी वेळेवर येतं की अजून सखूबाईंच्या बोअरवर सगळी आळी लोटते? इकडे मी ठीक आहे. जेवते. दोन्ही वेळ जेवते. हे आधीच लिहून टाकलं, कारण फोनवर तुम्ही तेवढंच विचारता. मी कामाचं काही बोलायला लागले की "रेंज गेली गं" म्हणून फोन ठेवता. आई, मोबाइलचा टॉवर तुमच्या परसातून दिसतो. त्याच्या सावलीत तुमच्या कोंबड्या बसतात. म्हणून पत्र लिहिते. पत्राची रेंज जात नाही.

तर मुद्दा. (मुद्द्यावर मी एवढ्या लवकर आले याची नोंद घ्यावी. वकिलांच्या बाररूममध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही.) सुनीलशी फारकत झाली तरी ओतूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे दर आठवड्याला तुमची पिशवी येत होती. कधी वाल, कधी हातसडीचे तांदूळ, एकदा तर नुसता कढीपत्ता, तोही ओल्या फडक्यात. सुनीलचं दुसरं लग्न झालं, तेव्हाही पिशवी आली. मग एके दिवशी पिशवी आली नाही. कंडक्टर खिडकीतून वाकला आणि चार लोकांसमोर निरोप सांगितला, "वकीलबाई, आजी म्हनल्या, आता घरात नवी सून आलीय. जाणं-येणं बरं दिसत न्हाई. यात्रेला बी नको म्हनल्या." एवढं बोलून त्याने बेल मारली आणि गाडी निघून गेली.

मी स्टँडवर उभी राहिले. आई, मी सरपंचांशी भांडले आहे, फौजदारांशी भांडले आहे, भर ग्रामसभेत माइक हिसकावून घेतला आहे. पण निघून गेलेल्या एसटीशी काय भांडायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. नंतर ज्या बाईला मी आई म्हणायला शिकले, तिने कंडक्टरच्या तोंडून मला बाहेर काढलं. तेव्हा हे पत्र म्हणजे त्या निरोपावरचं अपील समजावं. अपिलाला नजीर लागते, म्हणजे असाच एखादा आधी झालेला खटला. तो नुकताच माझ्या हातून झाला आहे. पक्षकारांची नावं बाहेर सांगू नयेत असा आमच्या धंद्याचा नियम आहे, पण हा खटला दोन तालुक्यांनी लाऊडस्पीकरवर ऐकला आहे, शिवाय मी हर्षालीला विचारलं आहे.

हर्षाली म्हणजे येडगावच्या गेणभाऊंची मुलगी. माझ्याच माहेरच्या आळीतली. टोमॅटोच्या रोपांची नर्सरी चालवते, एकटीच्या जिवावर. तिचा नवरा सुदर्शन घोडेगावकडचा, धर्माजींचा मुलगा. चाकणला कंपनीत शिफ्टने जातो. हे लग्न ठरलं कसं ते ऐका. तुम्हाला बैलगाड्यांचा राग आहे हे मला ठाऊक आहे (मामंजींनी प्रत्येक चैत्र घाटात घालवला आणि कांदा तुम्ही काढला), पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, गेणभाऊंचा एक बैल ऐन वेळी लंगडायला लागला. शेजारी धर्माजी आपला चिमण्या घेऊन उभे होते. ओळख ना पाळख, पण बारी, म्हणजे पळायची पाळी, जाऊ नये म्हणून त्यांनी चिमण्याला गेणभाऊंच्या भुंग्याशेजारी जुंपला. दोन मालकांचे बैल एका गाड्याला जुंपले की त्याला आमच्याकडे जुगलबंदी म्हणतात, आणि माइकवर दोघांची नावं पुकारतात. तो गाडा असा गेला की गाड्यापुढे वाट दाखवायला पळवतात ती घोडी मागे राहिली. पहिला नंबर. दोघे गुलालात न्हाले. त्या गुलालातच धर्माजी म्हणाले, "पावणं, बैलांचं तर जमलं. तुमच्या घरात पोरगी हाय ना?"

झालं. कोणी पत्रिका पाहिली नाही. मुलीला विचारलं नाही, मुलालाही नाही. बैलांचा जोड पाहिला आणि माणसांचं लग्न लावलं. वरातीत नवरीच्या गाडीमागे टेम्पो होता आणि टेम्पोत भुंगा, शिंगांना बाशिंग बांधून, कारण जोडी लांब ठेवू नये म्हणून तोही सासरी निघाला होता. दोघांपैकी सासरी रमला तो भुंगा.

हर्षाली रमली नाही. छळ नव्हता, मारहाण नव्हती, दारू नव्हती. सुदर्शन सरळ मुलगा आहे. पण तो कामावरून आला की ती रोपांना पाणी द्यायला निघालेली, ती परत आली की तो झोपलेला. दोघे घरात असले की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. तुम्हाला हे जास्त सांगायला नको. सुनीलही सरळच माणूस. एकजण बोलणारा आणि एकजण न बोलणारा असला की लोक म्हणतात जोडा छान शोभतो. तो शोभतो कुणाला? बाहेरून बघणाऱ्याला. आत राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. आणि बाई माहेरी आली की पहिला प्रश्न असतो, का नांदत नाही. नांदायचं फक्त तिनेच. पुरुष नांदतो की नाही हे आजवर कोणी कुणाला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. (इथे मी लिहिता लिहिता उभी राहिले होते. परत बसले आहे.)

असो. दोघांनी संमतीने वेगळं व्हायचं ठरवलं. अशा खटल्यात माझ्यासारख्या बाईला फारसं काम नसतं, कारण कोणाला झोडपता येत नाही. अटी ठरवायच्या, अर्ज टाकायचा, सहा महिने थांबायचं, पुन्हा कोर्टासमोर हो म्हणायचं. अटी ठरवायला दोन्ही घरांची बैठक घ्यायची होती. हे त्यांच्या दारात जाईनात, ते ह्यांच्या दारात येईनात. शेवटी आळेफाट्याच्या एका हॉटेलात बसलो, कारण तिथे कोणीच कुणाचा पाहुणा नसतो. एका बाकावर मी, हर्षाली आणि गेणभाऊ. समोर सुदर्शन, धर्माजी आणि त्यांचे दादाभाऊ वकील, जे मिसळ खाताना बोलत नाहीत आणि मिसळ संपवत नाहीत. दागिने, भांडी, कपाट, गादी, सगळं चहा यायच्या आत मिटलं. मुलंच म्हणाली, "ज्याचं त्याला." मी मसुदा बंद करणार तोच गेणभाऊ म्हणाले, "पोरगी परत येतीय, मंग भुंगा बी परत आला पायजे."

धर्माजी म्हणाले, "भुंगा माझ्या गोठ्यात वाढला. त्याला उडदाचं पीठ कुनी चारलं?"

"जन्माला कुठं आला?"

"जन्माला तर सगळंच कुठं ना कुठं येतं, गेणभाऊ."

आता आई, मुलीचा आणि बैलाचा उल्लेख एका वाक्यात झाल्यावर मी गप्प बसेन का? मी उठले. मुलगी ही दावणीचं जनावर नाही, तिची पाठवणी आणि परतवणी होत नाही, ती स्वतःच्या पायांनी येते आणि जाते, हे मी मांडलं. मांडलं म्हणजे सविस्तर मांडलं. मनुस्मृतीपासून सुरुवात करून वडिलोपार्जित जमिनीतल्या मुलींच्या हिश्श्यापर्यंत आले. नाशिकच्या गाडीची वाट पाहणारे लोक आत येऊन उभे राहिले. गॅरेजवाल्याने हातोडी थांबवली. एका ट्रकवाल्याने, तो कुठला होता कोण जाणे, शेवटी टाळ्या वाजवल्या. मी घामाघूम होऊन बसले. गेणभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "बाई, लई भारी बोलल्या. काळजाला लागलं. आता बैलाचं सांगा."

बैलाचं असं ठरलं की ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. मी ते मसुद्यात लिहिलं, दोन्ही बापांनी सह्या केल्या, आणि कायद्याच्या दृष्टीने ती अट अगदी स्वच्छ होती. भुंगा येडगावला आला. धर्माजींनी बैल दिला, पण त्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ ठेवून घेतली. विचारलं तर म्हणाले, विसरलो. भुंग्याने पहिल्या दिवशी पेंड खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ली, पण मान डावीकडे वळवून. डावीकडे चिमण्या असायचा. गेणभाऊंनी रखमाजीचा बैल उसना आणून सरावाला जुंपला, आणि साक्षीदार म्हणून मला बोलावलं. (मी कशाची साक्षीदार, हे मी विचारलं नाही. माहेरच्या माणसांना नाही म्हणायचं धाडस माझ्यात नाही.) गाडा सुटला. भुंगा दहा पावलं सरळ गेला, मग डावीकडे बघितलं, तिथे परका बैल दिसला, आणि तो चिमण्याला शोधायला निघाला. गाड्यासकट. धावपट्टी सोडून रखमाजीच्याच कांद्यात, कांद्यातून उसात, आणि उसातून थेट धरणाच्या पाण्यात पोटापर्यंत. बाहेर काढायला अर्धं गाव लागलं. रखमाजी काठावर उभा राहून म्हणाला, "वकीलबाई, माझा बैल बी गेला, कांदा बी गेला. तुमच्या कलमात माझं काय हाय?"

तिकडे घोडेगावकडे चिमण्याने वेगळी पद्धत काढली. त्याला दुसऱ्या बैलाशेजारी जुंपलं की तो खाली बसायचा. मारून उठवला तर उठायचा, दोन पावलं टाकायचा, आणि पुन्हा बसायचा. धर्माजी रोज दादाभाऊ वकिलांना फोन करून विचारायचे, यावर काही मनाई हुकूम मिळतो का.

आणि अशात माघातल्या यात्रेच्या चिठ्ठ्या निघाल्या. बैठकीच्या कितीतरी आधी दोघांनी मिळून एका गावच्या यात्रेत नाव दिलेलं होतं, गेणभाऊ आणि धर्माजी, जुगलबंदी, म्हणून, आणि नेमकं तेच निघालं. त्या गावची चिठ्ठी लागणं म्हणजे काय असतं हे मामंजी असते तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं. माघार घेतली तर पुढे त्या घाटात कोणी उभं करत नाही. म्हणजे कोर्टात एकमेकांच्या विरुद्ध उभी असलेली दोन घरं घाटात एका जूवर उभी राहणार. गेणभाऊंनी मला विचारलं, "कायद्यानं चालतंय का?" मी घरी येऊन पुस्तकं काढली. आई, मी खूप वाचते हे तुमचं दुखणं आहे, पण खरं सांगते, कुठल्याच पुस्तकात मला त्यावर काही सापडलं नाही. मी सांगितलं, चालतंय.

यात्रेच्या दिवशी मीही गेले. पक्षकाराच्या हितासाठी गेले. (गुलाबी साडी नेसले होते ते योगायोगाने.) येडगावची माणसं घाटाच्या एका अंगाला, घोडेगावकडची दुसऱ्या अंगाला, मधून धूळ. निवेदक चहाला गेला तेव्हा त्याने मला ओळखलं आणि म्हणाला, ताई, तेवढा वेळ माइक धरा, काहीतरी बोलत राहा. आई, याला माझा काय इलाज? हजारो माणसं बसलेली आणि माझ्या हातात माइक. मी मुलींच्या वारसाहक्काबद्दल बोलायला सुरुवात केली. आवाज जरा चढला. तो कुठे चढला तर नेमका "उठा" या शब्दावर. खाली पुढच्या बारीचे बैल जुंपून तयार होते, त्यांनी तो शब्द स्वतःसाठी घेतला आणि सुटले, झेंडा पडायच्या आधी, घोडीही नाही, माणूसही नाही. माझ्या भाषणाने आजवर सुटलेली ती एकमेव चळवळ. तुम्ही पूर्वी म्हणायचा, "साधे, माइक बंद असतो तवाच तू बरी बोलतीस." मी तेव्हा रागावले होते. आता राग मागे घेते.

मग भुंगा-चिमण्याची बारी आली. आता पंचाईत ही की भुंगा हर्षालीशिवाय कुणाला मानेला हात लावू देत नाही, आणि चिमण्याचं तसंच सुदर्शनशी. चाकणहून रजा काढून तो आलेला. म्हणजे ज्यांची मी फारकत करत होते ती दोघं जूच्या दोन टोकांना उभी. सगळा घाट बघायला पुढे सरकला. मी जवळच होते, म्हणून मला ऐकू आलं.

तो म्हणाला, "नर्सरी कशी चाललीय?"

"बरी हाय. उन्हाळी रोपाला मागणी लई. तू डबा न्हेतो का?"

"कॅन्टीन हाय."

"तिथलं तेल तुला सोसत न्हाई."

"माहितीय." मग जूकडे बघत, "चिमण्याकडचा दोर बघ, सैल वाटतोय."

"तुजा नेहमीच सैल असतो," ती म्हणाली, आणि दोघं हसली. भुंग्याने डावीकडे मान वळवली, चिमण्याच्या मानेला मान घासली, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ समोर बघितलं.

गाडा कसा गेला हे मी सांगू शकत नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आकाशात गुलाल होता, आणि गेणभाऊ आणि धर्माजी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, कोर्टातल्या वादी-प्रतिवादींनी कसं वागू नये याचं उदाहरण म्हणून. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. गेणभाऊ लाल होऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, देवानंच केलं. आता अर्ज मागं घ्या." सगळ्या माणसांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू फारकत मीच मागितली होती. आणि खोटं कशाला बोलू, माझाही हात पेनाकडे गेला. एवढी व्याख्यानं देते, पण त्या घडीला मलाही वाटलं की घ्यावा मागे.

हर्षाली बाजूला आली. डोळे ओले होते, पण बोलली नीट. "ताई, तारीख तीच ठेवा."

मी म्हटलं, "आत्ताच तर एवढं छान बोललात दोघं."

"सुटतोय म्हणून बोलता आलं," ती म्हणाली. "घरात असतो तर बोललो नसतो. आता परत गेलो की परत गप्प. मला हे बोलणं ऱ्हाऊ द्यायचंय."

आई, वाद जिंकायची मला इतकी सवय आहे की हरताना कसं वाटतं ते मी विसरले होते. बरं वाटतं. मी सुदर्शनकडे बघितलं. त्याने चिमण्याला थोपटत होकाराची मान हलवली. तारीख तीच राहिली.

फक्त बैलांची अट मी बदलली. नव्या मसुद्यात लिहिलं की भुंगा आणि चिमण्या आळीपाळीने दोन्ही गोठ्यांत राहतील, पण एकत्रच राहतील. यात्रेत नावं एकत्र पुकारली जातील. आणि जूजवळ उभं राहायला हर्षाली आणि सुदर्शन दोघांनी यावं, पुढे कोणाचंही दुसरं लग्न झालं तरी. माझ्या वकिलीतली ती सगळ्यात सुंदर अट होती. गेल्या आठवड्यात ती न्यायाधीशबाईंसमोर ठेवली. त्यांनी वाचली. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचली. मग अगदी मायेने म्हणाल्या, "वकीलबाई, हे सुंदर आहे, पण हे माझ्या हुकूमनाम्यात बसत नाही. बैल या अर्जात पक्षकार नाहीत, आणि हुकूम झाल्यावर या दोन घरांचं एकमेकांशी नातंच राहत नाही." मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "आणि कृपया भाषण नको." अट खोडली गेली. फारकत मिळाली.

बाहेर आम्ही सगळे चिंचेखाली उभे होतो. तीच चिंच, आई. तुम्हाला आठवत असेल. माझ्या आणि सुनीलच्या हुकुमाच्या दिवशी तुम्ही गावाहून आला होता, आणि तुमच्याजवळ डबा होता, एकच. आतून निकाल घेऊन आम्ही दोघं बाहेर आलो, दोघांनाही कुणाकडे बघावं कळत नव्हतं. तुम्ही आम्हाला त्या चिंचेखाली समोरासमोर बसवलं, भाकरी मोडून दोघांच्या हातात दिली आणि म्हणालात, "कोर्टाचं काम झालं ना? मंग जेवा." सुनील जेवताना रडला. पाच वर्षांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी तो मला नवऱ्यापेक्षा जवळचा वाटला, आणि तो जवळचा वाटेल अशी सोय तुम्ही केली होती, ठेच्याबरोबर.

तर त्याच चिंचेखाली गेणभाऊंनी मला विचारलं, "बाई, पोरांचं सुटलं. आता आमी आणि धर्माजी एकमेकांचं कोन? व्याही म्हनायचं का न्हाई?" आणि मी, जिने आळेफाट्यावर ट्रक थांबवले, जिच्या आवाजावर बैल सुटतात, मला उत्तर आलं नाही. दादाभाऊ वकील माझ्याकडे टक लावून बघत होते. तो क्षण त्यांनी कित्येक वर्षं मागितला असणार.

धर्माजींनी काखेतल्या पिशवीतून घुंगुरमाळ काढली आणि गेणभाऊंच्या हातात ठेवली. "विसरलो व्हतो," म्हणाले. कोणाचाही विश्वास बसला नाही. गेणभाऊंनी ती माळ जरा वाजवून बघितली आणि स्वतःच उत्तर दिलं. "जाऊ द्या. घाटात जुगलबंदी म्हनत्यात. तेवढं नाव पुरं हाय."

आई, हीच माझी नजीर. गेणभाऊंनी विचारलं ते मीही स्टँडवर उभी राहून विचारत होते, फक्त एसटी थांबली नाही. तुम्ही माझ्या कोण? सासू म्हणता येत नाही. आई म्हणायला तुम्ही मला जन्म दिलेला नाही. ओळखीच्या म्हणावं, तर ओळखीची बाई दुसऱ्याच्या घरी कढीपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवत नाही. कायद्याला यासाठी शब्द नाही, आणि त्याबद्दल मी कायद्याला दोष देत नाही. तो बिचारा माणसं मोडल्यावर येतो, त्याला बाकीचं माहीत नसतं. पण एक माणूस घरातून गेला की त्याच्याबरोबर सगळी दारं बंद झालीच पाहिजेत, हे मी मानत नाही. हे मी सभेत सांगत आले, टाळ्याही घेतल्या. फक्त ज्या बाईला सांगायला हवं होतं तिच्यासमोर माझी रेंज गेली.

मी डिंगोऱ्याला येणार नाही. नव्या सुनेच्या घरात पाय ठेवून तिला अवघड वाटेल असं मी कधीच करणार नाही. तुम्ही तिचा विचार करून दार ओढून घेतलंत, ते मला कळतं. तुम्ही तसं केलं नसतं तर तुम्ही तुम्हीच नसता. पण दार ओढून घेतलं म्हणून पिशवी का थांबावी, हा माझा मर्यादित मुद्दा आहे. अपिलावर सहानुभूतीने विचार व्हावा. गुडघ्याला तेल लावावं. सुनीलला सांगा, त्याच्या ठिबक सिंचनाच्या दुकानाला यश येवो. हे मी मनापासून लिहिते आहे, वकिली नाही.

तुमची (पुढचा शब्द तुम्हीच घाला),
साधना

ता. क. – पुढच्या आठवड्यात येडगावची यात्रा आहे. भुंगा-चिमण्याची बारी आहे, आणि जूजवळ हर्षाली आणि सुदर्शन दोघंही येणार आहेत, कोणत्याही हुकुमाशिवाय. गाड्यांचा तुम्हाला राग आहे, म्हणून घाटात यायचा आग्रह नाही. आदल्या दिवशी माझ्या घरी या आणि चार दिवस राहा, एवढंच. अख्खं पत्र यासाठीच लिहिलं. हे पहिल्याच ओळीत लिहिता आलं असतं, पण तुम्ही पहिल्याच ओळीत नाही म्हणाला असता.

आणखी ता. क. – एक गोष्ट मी शेवटपर्यंत दडवली, कारण चांगला पुरावा शेवटी काढायचा असतो. हे पत्र लिहायला मला श्रेयाने सांगितलं. होय, तुमच्याच श्रेयाने, जिला अवघड वाटू नये म्हणून हे सगळं चाललं आहे. तिचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, आई दर आठवड्याला तुमची पिशवी भरतात, दारापर्यंत न्हेतात, तिथं उभ्या ऱ्हातात, आणि परत रिकामी करतात. मग ते सगळे वाल मला खावं लागतात. मला वाल आवडत न्हाईत. तुमी काहीतरी करा." तिला वालांचा त्रास होतो आहे आणि तिने माझ्याकडे दाद मागितली आहे, तेव्हा आता ती माझी पक्षकार आहे. तीच तुम्हाला स्कूटरवरून आळेफाट्यापर्यंत सोडेल. हे पत्र मी तिला आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, लांबलंय.

शेवटचा ता. क. – मी डिंगोऱ्याहून निघाले तेव्हा तुम्ही वाटणीच्या यादीत नसलेलं पितळी पुरणयंत्र माझ्या टेम्पोत गुपचूप ठेवलंत. ते मी आजवर वापरू शकले नाही, कारण त्याची बारीक जाळी तुमच्याकडेच राहिली. मी इतके दिवस समजत होते की चुकून राहिली. धर्माजींची घुंगुरमाळ बघितल्यापासून मला तसं वाटत नाही. यात्रेला पुरण लागेल. मला ते करता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. जाळी कंडक्टरकडे देऊ नये. स्वतःच्या हाताने आणावी.